मागच्या काचेला हाऽऽ करा!

गाडीच्या मागच्या काचेवरच्या तांबूस रेघा शोभेसाठी नसतात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी समजलं. समजावणारे सासरे होते, त्यामुळं चांगलंच समजलं.

गाडीही त्यांचीच. बेंबळीच्या मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) नवी घेतली आणि जुनी आम्हाला दिली, मागच्या काचेला आतून ‘सासऱ्यांची कृपा’ असं ठसठशीत स्टिकर लावून! मी मात्र धाराशिवात गल्लीभर ‘स्वतःच्या हिमतीवर घेतली’ म्हणून सांगून बसलेलो. आठवड्यात स्टिकर गायब.

"उन्हानं गळलं बघा, मामा!"

मग थंडीत ढोकीला गाडी मागं घेताना काचेवर वाफ धरली. ती घालवायला त्या रेघा तापवणारं डिफॉगरचं बटण दाबलं, तर काच तापेना! गाडी उसाच्या ट्रॉलीला जाऊन टेकली. मी तडक फोन लावला, "मामा, फॉल्टवाली गाडी गळ्यात मारली की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात हजर. "माझ्या मालात खोट? निघाली तर खर्च माझा. तुमची चूक निघाली तर गाडी बेंबळीला परत. कबूल?"

"कबूल!" (बायको मागून चिमटे काढत होती. तिला सगळं ठाऊक होतं.)

"मग आत बसा, दारं लावा, काचेवर हाऽऽ करा आन् बटण दाबा. जिथली वाफ जाणार न्हाय, ती रेघ तुटकी."

मी, बायको आणि आई मागच्या सीटवर उलटे गुडघे टेकून बसलो. "हाऽऽ! हाऽऽ!"

समोरचे रिटायर गुरुजी धावत आले. "काय वो, कुणाला दम लागलाय?"

"काच तपासतोय!"

"तोंडानं?"

आई वैतागली. "अरं, चूल फुंकायला बी एवढा दम लागला न्हाय मला!"

काच पांढरी झाली. बटण दाबलं. वरच्या-खालच्या रेघांवरची वाफ गेली, मधल्या चार तशाच. "बघा, फॉल्ट!" मी आतून ओरडलो. मामा बाहेरून पुढं सरकले. ते काचेला नाक लावून उभे. मला आतून नुसती उलटीसुलटी वेलबुट्टी दिसत होती.

गुरुजींनी बाहेरून मोठ्यानं वाचलं (जन्माची सवय!), "सा-स-ऱ्यां-ची कृ-पा! म्हणजे गाडी सासऱ्यांची व्हय?"

स्टिकर गेलं होतं, गोंद राहिला होता. वाफेत अक्षरं जशीच्या तशी उठली होती, आणि बरोबर तिथंच रेघांवर ओरखडे.

मामा हळूच म्हणाले, "पाव्हणं, उन्हाकडं ब्लेड कुठनं आलं वो?"

गाडी त्याच दिवशी बेंबळीला गेली. आता मी कामाला स्कूटरवर जातो. ती मात्र खरोखर स्वतःच्या हिमतीवर घेतलेली आहे. बायकोनं.