रॅम्पच्या तोंडाशी नवरदेवाची गाडी

मुलीचं लग्न ठरलं की बाकीच्या आया आधी आचारी बघतात, मी आधी रॅम्प बघितला. मुलाकडच्यांच्या मनात हुणसूर रस्त्यावरचं झुंबरांचं एक छत्र होतं. लग्नाच्या कार्यालयाला आम्ही म्हैसूरचे मराठी लोक छत्रच म्हणतो, कानडी शेजाराचा गुण. मी स्वतः जाऊन बघून आले. दारात संगमरवरी पायऱ्या, त्याही चकचकीत, आणि कठडा म्हणायला प्लास्टिकच्या फुलांच्या माळा. मी स्कूटरवरून उतरलेसुद्धा नाही, तिथूनच मागे फिरले.

मग आपल्याच मराठी मंडळींचं जुनं छत्र ठरवलं. तिथे झुंबर नाही, पंखे कुरकुरतात, नवरीच्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. पण मुख्य दाराला रॅम्प आहे, रॅम्पला लोखंडी कठडा आहे, आणि रॅम्पच्या तोंडाशी जमिनीवर निळी चौकट आखून आत चाकांच्या खुर्चीचं चित्र काढलेलं आहे. हे सगळं माझ्यामुळे झालं, आणि हे सांगायला मला काडीचीही लाज वाटत नाही. कमिटीचा मी इतका जीव खाल्ला की मला फाटकातून येताना बघितलं की सेक्रेटरी चहा अर्धा टाकून उठायचे.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर, हातात काठी आणि बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर, एवढ्यावर मी सरकारी हायस्कुलात गणित शिकवत आयुष्य काढलं आणि कुणाची मिंधी झाले नाही. एकच गोष्ट मला खपत नाही, ती म्हणजे मला उचललेलं. माझ्या स्वतःच्या लग्नात मामांनी मला उचलून बोहल्यावर नेलं. नवरीला मामाने आणायची रीतच आहे, काही घरांत उचलूनच आणतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मी दात आवळून मान खाली घातली होती, आणि बायका म्हणाल्या, नवरी लाजरी आहे हो.

तेव्हा मी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. नवरदेव दारात आला की वधूच्या आईने त्याचं औक्षण करायचं, हे आमच्यात चालत आलेलं आहे. ते मी करणार, दारात, माझ्या पायांवर उभी राहून. बाकी मानपान काय घालायचा तो घाला.

आता त्या निळ्या चौकटीबद्दल सांगते. या गावातली माणसं गोड आहेत, भांडणसुद्धा हळू आवाजात करतात. पण निळी चौकट रिकामी दिसली की त्यांचा हात आपोआप स्टिअरिंगकडे जातो. जाब विचारला की उत्तर ठरलेलं, "ऐदु निमिष, मेडम." पाच मिनिटं, बाई. म्हैसूरातली ही पाच मिनिटं एकदा सुरू झाली की कॉफी होते, दोसा होतो, कधी कधी अख्खं पिक्चर होतं. एकदा एका गृहस्थांना मी हटकलं तर ते गाडीतून उतरून दुकानापर्यंत लंगडत गेले. परत येताना विसरले, आणि चांगले तरातरा चालत आले. वाहतूक पोलिसाला सांगावं तर तो बिचारा मलाच म्हणायचा, स्वल्प अडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या. मी म्हणायची, मी पायाला सांभाळू की तुमच्या गाडीवाल्यांना?

या लोकांना खरा धडा दिला तो माझ्या लेकीने, तीही शाळेत जायच्या वयात. देवराज मोहल्ल्यात माझा शिंपी होता. कॅलिपरवरून नीट पडेल असा परकर त्याच्याशिवाय कुणाला जमत नसे. जवळच एका मोठ्या दुकानाच्या आवारात निळी चौकट आखलेली होती. आम्ही आवारात शिरलो की ही माझ्या मागून उडी मारून पुढे पळायची आणि चौकटीत दोन्ही हात आडवे करून उभी राहायची. समोर केवढीही गाडी येवो. गाडीवाला हॉर्न वाजवायचा, ही हलायची नाही. नुसतं म्हणायची, "इदु नम्म अम्मन जागा." ही माझ्या आईची जागा आहे. घरात मी आई, रस्त्यावर अम्मा. एकदा एका पांढऱ्या गाडीवाल्याने पाच मिनिटांचं पालुपद लावलं तर हिने दप्तर चौकटीच्या मधोमध ठेवलं, त्याच्यावर बसली आणि वही काढून पाढे लिहायला लागली. माणसं गोळा झाली, शेवटी तोच गाडी घेऊन गेला. मी लांबून बघत होते. मला तिला म्हणायला हवं होतं की असं गाड्यांसमोर बसू नये. पण तिचा मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी तिला मसाला दोसा आणि वर मैसूर पाक, दोन्ही खाऊ घातलं.

अशा लेकीचं लग्न. पहाटेपासून मी छत्रावरच होते, पण साडी नेसायला घरी आले, कारण वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत मी कशी चढणार? कॅलिपर नीट आवळला, मोतिया रंगाची मैसूर सिल्क नेसले, आणि स्कूटरवर बसून ऐटीत निघाले. तिकडे माझा धाकटा भाऊ, म्हणजे नवरीचा मामा, नवरदेवाला तो उतरला होता त्या लॉजवरून आणायला गेला होता. नवी गाडी, तिच्यावर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या माळा, भावाच्या डोक्यावर जरीचा मैसूर पेटा. हौस फार त्याला.

मी फाटकातून आत शिरले आणि बघते तर काय, ती फुलांची गाडी बरोबर निळ्या चौकटीत. तिचं नाक रॅम्पच्या तोंडाला टेकलेलं, काठीसुद्धा आत जाणार नाही असं. नवरदेव मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधून बसलेला, काच बंद, आत एसी. दारात माझी जाऊ औक्षणाचं ताट घेऊन उभी, सनई चालू. दुसरी वाट म्हणजे पलीकडच्या उंच पायऱ्या, आणि त्यांच्यापर्यंत सगळी सुटी खडी. खडीवर माझी काठी घसरते, हे माझ्या भावाला लहानपणापासून माहीत आहे.

माझं डोकं सटकलं. मी स्कूटर त्याच्यासमोर उभी केली आणि विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, अक्का, जावयाचा मान, गाडी उंबऱ्यापर्यंत नको का आणायला? जावयाला खडीवरून चालवायचं? मी म्हटलं, बरं, आता मागे घे. तर त्याचा चेहरा उतरला. दारात आलेला नवरदेव मागे न्यायचा नसतो म्हणे, अपशकून होतो. आजूबाजूच्या बायकांनी लगेच माना डोलावल्या.

आता गंमत बघा. वधूच्या आईने औक्षण केल्याशिवाय नवरदेवाने गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. गाडी हलल्याशिवाय वधूच्या आईला दारात जाता येत नाही. आणि शकुनासाठी गाडी हलवायची नाही. भटजी आतून ओरडतायत की मुहूर्त जवळ आला. मग सुरू झाले उपाय. कुणी म्हणालं, जाऊबाई करतील की औक्षण, ताट त्यांच्या हातातच आहे. कुणी म्हणालं, अक्का, तू मागनं सावकाश ये. आमच्या सरगूरच्या चुलतदिरांनी तर दोन पोरांना हाक मारून खुर्ची मागवली. एवढंच ना, उचलून नेतो वहिनींना, फुलासारखं नेतो. प्रेमानेच म्हणाले हो. पण ती प्लास्टिकची खुर्ची माझ्या दिशेने येताना बघितली आणि मला माझं लग्न आठवलं, मामांच्या खांद्यावरून दिसलेली ती हसणारी तोंडं. रडले असते तर सगळ्यांनी मिळून उचललंच असतं मला, म्हणून मी वर्गातला आवाज काढला. म्हटलं, खुर्चीला हात लावाल तर खबरदार, मी इथेच स्कूटरवर बसून राहते, मुहूर्त टळला तरी चालेल.

पोरांनी खुर्ची होती तिथेच खाली ठेवली. सनईवालासुद्धा थांबला.

तेवढ्यात रॅम्पच्या वरच्या टोकाला माझी लेक दिसली. ती आत गौरीहर पुजायला बसलेली होती. तिथून नवरीने उठायचं नसतं आणि अंतरपाट दूर होईपर्यंत नवऱ्याला दिसायचं तर नसतंच नसतं. पिवळ्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या, मुठीत अजून अक्षता. आवाज ऐकून उठून आली होती. मागून आत्या तिचा पदर ओढतेय, भटजी हात जोडतायत. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. मग मामाला म्हणाली, शांतपणे, "मामा, इदु नम्म अम्मन जागा."

गाडीची काच खाली आली. इतका वेळ नवरदेवाला वाटत होतं, हाही आमच्याकडचा एखादा विधीच असेल. तो पुण्याचा, नोकरीला म्हणून म्हैसूरात आलेला, आमच्या निम्म्या रीती त्याला नव्याच. पण कानडी तेवढी शिकलाय. त्याने खाली चाकाशी निळी रेघ बघितली, मग माझी काठी बघितली, आणि त्याचे कान लाल झाले.

"मामा, गाडी मागे घ्या," तो म्हणाला. "अपशकून माझ्या नावावर लिहा. मी चालत येतो."

भाऊ गाडीत बसला. नवरदेवाला घेऊन फुलांची गाडी उलटी उलटी पार फाटकाजवळच्या चिंचेखाली गेली. आणि चौकट मोकळी झाली न झाली तोच बाजूने आचाऱ्याची व्हॅन आत घुसायला लागली, भाताची पातेली उतरवायची होती त्याला, पाचच मिनिटं. माझी लेक रॅम्पवरून धावत खाली आली आणि चौकटीत दोन्ही हात आडवे करून उभी राहिली, हिरव्या बांगड्या, मुंडावळ्या, सगळ्यासकट. व्हॅनवाल्याने ब्रेक मारला. नवरी दिसल्यावर तो बिचारा काय बोलणार?

मी स्कूटर आत घेतली. ती बाजूला झाली, मला हात दिला नाही. तिला माहीत आहे. मी काठी काढली, कठडा धरला आणि रॅम्प चढले. आजवर त्या रॅम्पवरून कितीदा गेले असेन, पण त्या दिवशी पाठ इतकी ताठ होती की पोटऱ्यांत गोळे आले. औक्षणाच्या ताटाला दोन्ही हात लागतात, म्हणजे काठी धरता येत नाही. मी कमरेने कठड्याला रेलून उभी राहिले आणि जावेच्या हातातून ताट घेतलं. कमिटी म्हणाली होती, बाई, रॅम्प पुरे, कठडा कशाला? याच्यासाठी हो, याच्यासाठी.

नवरदेव चिंचेखालून खडी तुडवत चालत आला, नवे जोडे करकर वाजवत. त्याच्या बाजूची माणसं जरा कुरकुरली, पण तो हसत होता. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. मनात म्हटलं, बरा मिळाला.

लग्न लागलं. पुळियोगरे भात, चिरोटी, जेवणंही यथासांग झाली. भावाने दिवसभर माझी नजर चुकवली. पहिल्या पंगतीत मामाचा पाट मांडला होता, त्यावरही तो बसला नाही, बाहेरच कुठेतरी घुटमळत होता. मीही त्याला बोलावलं नाही, राग माझा लवकर जात नाही.

मग पाठवणी. पाठवणीची गाडी दारात येते, नवरी उंबऱ्यावरून थेट गाडीत बसते. पण माझी लेक म्हणाली, गाडी चिंचेखालीच राहू दे. नव्या चपला हातात घेऊन ती खडीवरून चालायला लागली. मला दारातून हात हलवायचा होता, पण तेवढ्यावर माझं भागेना. मी रॅम्प उतरले, स्कूटर काढली आणि तिच्या बाजूने हळूहळू चालवत गेले. तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. आम्ही दोघी रडत होतो, आणि मी मधेच तिला म्हणत होते, खडी बघ, पायाला लागेल. गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकापाशी थांबले.

स्कूटर वळवली आणि बघितलं. सरगूरच्या चुलतदिरांची गाडी छत्राच्या दारासमोर हॉर्न वाजवत उभी होती, म्हातारीला बसवायचं आहे, ऐदु निमिष, ऐदु निमिष. आणि तिच्यासमोर निळ्या चौकटीत माझा भाऊ, पेटा तिरका झालेला, दोन्ही हात आडवे केलेले, जागचा हलत नव्हता. मी जवळ जाऊन हॉर्न दिला, तेव्हा कुठे तो बाजूला सरकला.