रंगाऱ्याची कोरी मांडणी

रंगाऱ्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. उभा जन्म टर्पेंटाइन आणि ऑइलपेंटच्या संगतीत काढल्यावर दुसरं काय होणार? चुलीवर दूध करपलं तरी गड्याला पत्ता नसायचा. अशा माणसाला वाइनच्या बाटल्या जमवायचा नाद लागावा, म्हणजे बहिऱ्यानं गाण्याच्या बैठकीत पुढची जागा धरण्यासारखी गत.

नाद लागला तो असा. घर रंगवून झालं की एखादा मालक खूश होऊन बाटली हातावर ठेवायचा. रंगारी ती फोडत नसे. घरी आणून तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायचा आणि लिहायचा, ‘जिन्याचं पिवळं घर’, ‘चिडक्या डॉक्टरीणबाईंचं’. पुढं पुढं पदरमोड करून स्वतःही आणायला लागला. म्हातारपणी हातातला ब्रश सुटला की एकेक फोडायची आणि बायकोपुढं बसून त्या त्या घराची गोष्ट सांगायची, एवढाच त्याचा बेत. तोवर बाटल्या पलंगाखाली, कपाटामागं, शिवणयंत्राच्या पायाशी लोळत पडल्या.

एका उन्हाळ्यात पलंगाखालच्या बाटलीचं बूच उष्म्यानं वर आलं आणि अर्धी वाइन सतरंजीनं प्यायली. उरलेली चाखून बायको म्हणाली, “आंबली. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांची हीच गत होणार. आणि ह्या खोलीत आता एक तर त्या राहतील, नाही तर मी.”

“दोघींची सोय करतो,” रंगारी म्हणाला.

घराखाली तळघर होतं. मोडक्या खुर्च्या आणि रिकामे डबे ह्यांचं ते स्मशान. हिवाळा सरता सरता रंगाऱ्यानं ते उपसलं. उन्हाकडची खिडकी विटांनी बुजवली, सावलीकडचा झरोका ठेवला, दाराच्या पोटात थर्माकोल भरला. मेहुणा सुतार, तो मांडणी करायला आला.

“लोक तळघरात धन पुरतात, दाजी. तुम्ही दारू पुरा.”

“तू फळ्या ठोक. तोंड नंतर चालव.”

सुतारानं मांडणी झकास केली. बाटली आडवी पडेल, आतली वाइन बुचाला भिजवत राहील अशी. बूच सुकलं की हवा शिरते आणि वाइनचा व्हिनेगर होतो, हे दोघांनाही वाइनच्या दुकानदारानं बजावलं होतं. लाकूड त्यानं कोरंच ठेवलं आणि आपल्या कामावर निघून गेला.

कोरं लाकूड! रंगाऱ्याच्या हाताखालून आजवर उघडं काही गेलं नव्हतं. त्यानं प्रायमर मारला, वर ऑइलपेंटचा हात, मग आणखी एक. भिंतीही सोडल्या नाहीत. मांडणी आरशासारखी चमकायला लागली. रंग वाळताच सगळ्या बाटल्या खाली नेऊन निजवल्या आणि मोठ्या ऐटीत बायकोला आणि मेहुण्याला बघायला बोलावलं.

बायको अर्ध्या जिन्यातच थांबली. नाकावर हात धरून म्हणाली, “अहो, रंगाच्या डब्यात उतरल्यासारखं वाटतंय.”

“वास? कुठाय वास?”

“तुमच्या नाकाला नका विचारू. ते तुमच्या आधी रिटायर झालंय.”

सुतारानं कपाळाला हात लावला. “मी लाकूड कोरं दिलं, ते काय बाजारात रंग संपला होता म्हणून? दाजी, कोंदट जागा ही. वास जाईल कुठं? बुचातून बाटलीत जाणार.”

“दार उघडं टाकतो.”

“टाका की. वास जाईपर्यंत उन्हाळा आत येऊन बसेल.”

रंगारी मांडणीकडं बघत राहिला. इतकं सफाईचं काम त्यानं दुसऱ्याच्या घरीही केलं नव्हतं. मग वर गेला आणि खरवडणी घेऊन आला.

“बाटल्या वर न्या,” एवढंच बोलला.

बाटल्या न्हाणीघरात ओल्या पोत्यांखाली गेल्या. घरची माणसं स्वयंपाकघरात अंघोळ करायला लागली. रंगारी रोज सकाळी तळघरात उतरायचा आणि आपलाच रंग आपल्याच हातानं सोलायचा. खरवडणी झाली की काचकागद, भिंतींना तारेचा ब्रश. बोटं सोलवटली, पाठ धरली. सुतार म्हणाला, नवीन फळ्या ठोकून देतो. “घाण माझी, मीच काढणार,” म्हणून रंगाऱ्यानं त्याला वाटेला लावलं. भिंतींना साधा चुना मारला. संध्याकाळ झाली की बायको खाली यायची, मांडणीला नाक लावायची आणि एकच शब्द बोलायची, “आहे.” हा पुन्हा काचकागद उचलायचा.

वर ऊन तापायला लागलं. पोती सकाळी भिजवली तरी दुपारला कोरडी. एका संध्याकाळी बायकोनं नाक लावलं, पुन्हा लावलं, मग वाकून खालच्या फळीलाही लावलं.

“लाकडाचा येतोय. नुसत्या लाकडाचा.”

बाटल्या खाली आल्या. पण आधीच वास शिरला असला तर? ते फोडल्याशिवाय कळणार नव्हतं. ब्रश अजून सुटला नव्हता, तरी रंगाऱ्यानं सगळ्यात जुनी उचलली, ‘जिन्याचं पिवळं घर’. बूच काढून पेला बायकोच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

तिनं हुंगलं. घोट घेतला. सावकाश गिळला.

“रंग नाही.”

“मग काय आहे?”

“पिकलेलं फळ. आणि पाऊस पडून गेल्यावरचं लाकूड असतं ना, तसं काहीतरी.”

त्यानंही घोट घेतला. त्याला आंबट लागलं आणि जीभ आवळली, बाकी काही नाही. पण ती म्हणते म्हणजे असणार. पायरीवर बसून तो पिवळ्या घराची गोष्ट सांगायला लागला. सांगता सांगता त्याचा हात शेजारच्या कोऱ्या फळीवरून फिरत होता.

“नुसता एक पातळ हात मारला असता तर...”

“मारा,” बायको पेला पुढं करत म्हणाली. “मग बाटल्या पुन्हा न्हाणीघरात नेते आणि त्यांच्याशेजारी तुमचंही अंथरूण टाकते.”