पळायची वाट

चौबे कॉलनीत झाड पाडायचं असलं की आम्ही नेहमी एकाच लाकूडतोड्याला बोलवायचो. रायपूर राजधानी झाल्यापासून जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते, त्यामुळे त्याला सवड नसायची. पण आला की आधी झाडाकडे बघायचाच नाही. बाजूच्या कुंड्या, विटा, कोणाची तरी सायकल हटवून वाट मोकळी करायचा आणि मदतीला उभ्या असलेल्या आम्हांला म्हणायचा, "भैया, एकदा पळून दाखवा." आम्ही हसत हसत पळायचो.

त्या दिवशी वाळलेला कडुनिंब होता. त्याची पेट्रोलवरची करवत-मशीन बुंध्यात अर्ध्यावर गेली आणि अडकली. तो ती ओढत असतानाच वर कडकड वाजलं. त्यानं मशीन तिथंच सोडली आणि ओरडला, "पळा!" पाय आपोआप त्याच वाटेला लागले. कडुनिंब रस्त्यावर पडायचा तो उलटा फिरला आणि आम्ही उभे होतो तिथं आदळला.

फांद्यांखाली मशीन अजून घुरघुरत होती. बिचाऱ्याचं पोट तिच्यावर, म्हणून बंद करायला मी पुढे झालो. त्यानं मागून माझी कॉलर धरली.

"काहून जाता? झाड अजून हलून राहिलं ना!"

पेट्रोल संपून मशीन गप्प होईपर्यंत त्यानं माझी कॉलर सोडली नाही.