तलावाच्या पाण्यानं धुतलेली जीप

बैलजोडी विकून मी जुनी जीप घेतली, तेव्हा बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी अंगणात गेले, जीपच्या बॉनेटवर हात फिरवला आणि तिलाच विचारलं, "काय खाते वं तू?" मी घरातूनच म्हटलं, डिझेल खाते. संध्याकाळी पाहतो तर चारही चाकांखाली धानाची तणस अंथरलेली होती.

आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घरासमोर गावाचा तलाव. मी धानोरा ते गडचिरोली सवाऱ्या न्यायचो. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसवायचे आणि सतरावा आला की "या ना भाऊ, जागाच जागा आहे" म्हणायचं, हा माझा धंदा. डोकं गरम असायचं. इंजिनाच्या आधी हे तापतात, असं बायको म्हणायची, आणि खोटं नव्हती बोलत.

माझ्या पाठची एकच बहीण. ती तिकडे एटापल्लीच्या बाजूला दिलेली, सूरजागडचे डोंगर दिसतात त्या भागात. जवाई तलावात मासे धरायचे, थोडं धान करायचे आणि हंगामात कोणाचा ट्रॅक्टर चालवायचे. माणूस अगदी कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग येतो, कारण भांडणात तो हरतोय की जिंकतोय तेच कळत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर जवायांच्या आईला गडचिरोलीच्या दवाखान्यातून सुट्टी झाली. म्हातारीला एसटीत बसवत नव्हतं, म्हणून त्यांनी जीप मागितली. चढावर दमानं न्या, एवढं सांगून मी दिली. दोन दिवसांनी, पोळ्याच्या आदल्या सांजेला, बहिणीला घेऊन ते सणासाठी परत आले. उतरल्या उतरल्या स्वतःच म्हणाले, "भाऊ, चढावर इंजन थोडं तापलं होतं. उभी केली, थंडं होऊ देल्लं, मंगच आनली." मी बरं म्हटलं. पुढं मी त्यांचं हेच बोलणं त्यांच्यावर उलटवलं.

त्या सांजेला सगळ्या गावात बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. हळद-तूप लावून बैलांचे खांदे चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. बाबांच्या दावणीला पहिल्यांदाच काही नव्हतं. त्यांनी वाटीत हळद-तूप कालवलं आणि बॉनेटच्या दोन्ही कडांना चोळलं. त्यांच्या हिशेबानं जीपचे खांदे तिथं होते. मग बैलांना म्हणतात तसंच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बहीण हसली, जवाई पण हसले. रस्त्यावरून लोक जात होते, त्यामुळे मला मात्र लाज वाटली.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून मी दोन फेऱ्या मारल्या. सणाची गर्दी, वर कडक ऊन. दुपारी परत आलो तेव्हा बॉनेटवर भाकर भाजून निघाली असती. जीप अंगणात लावली, जेवलो आणि झोपलो. उठून पाहिलं तर जीप धुऊन लख्ख, आरशांना बेगड, दारांवर गेरूचे पंजे, समोर झेंडूची माळ. बाबांनी तलावातून पाणी आणून तिला आंघोळ घातली होती. गाव आपल्या बैलांना घालत होतं आणि बाबांकडे हीच होती. बाहेरून धुतली असेल असं मी धरून चाललो. बॉनेट उघडं होतं का, हे मी विचारलं नाही.

आठ दिवसांत रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं. रोज भरायचं, रोज कमी. ऑइल काढून पाहिलं तर पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ती गडचिरोलीच्या मिस्त्रीकडे ओढत नेली. बाबा सोबत निघाले. तुम्ही कशाला, म्हटलं तर म्हणाले, "जनावर दवाखान्यात नेलं तं मालकानं संग असाव." गॅरेजबाहेर एका टायरवर बसून राहिले.

मिस्त्रीनं इंजिनाचं हेड उतरवलं, ब्लॉक पुसला आणि टॉर्च मारून मला दाखवलं. केसाएवढी चीर होती. बोटाला लागत नव्हती, नखाला लागत होती. म्हणाला, "गरम इंजनवर थंडं पानी मारलं कोनीतरी. ताजी हाये, आत जंग बी नाई लागला."

मला दुसरं कोणी आठवलंच नाही. आठवायची गरजही वाटली नाही. एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला आणि तिसऱ्या दिवशी जवाई थेट गॅरेजवर आले. बाबा त्या दिवशीही माझ्यासोबत होते, बाहेर टायरवर.

मला त्यांच्याकडून पैसे नको होते, हे मी तिथं चार लोकांत मोठ्यानं सांगितलं. मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, 'माया हातून झालं'. एवढं म्हटलं असतं तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवणार होतो.

"जवाई, चढावर पानी ओतलं ना तुमी?"

"नाई भाऊ. दीड तास झाडाखाली बसून होतो. आई संग होती, तिले विचारा."

"मंग हे चीर का अस्मानातून पडली?"

मिस्त्री मधेच बोलला, "पानी पडल्याबिगर नाई फाटत ना भाऊ असं. कोनं तं ओतलंच."

जवायांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. बाबा बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. जवायांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"बोला ना, जवाई," मी म्हटलं.

त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. मी म्हटलं, "चोराच्या मनात चांदणं." गॅरेजातले दोघं-तिघं हसले. जवायांचे कान लाल झाले. पिशवी खांद्याला लावून ते बाहेर गेले, वाकून बाबांच्या पाया पडले आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. मला वाटलं, आपण जिंकलो.

"काय झालं रे?" बाबांनी विचारलं.

"जवायाच्या हातून इंजन फुटलं," मी म्हटलं.

"फुटन ना. मशीन हाये," बाबा म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

भाऊबीजेला बहीण आली नाही. निरोप आला, माझ्या माणसाला चोर म्हणतात त्या घरी मी येणार नाही. बायको म्हणाली, जाऊन घेऊन या, पोरीचं माहेर तुटेल. मी म्हटलं, आधी त्यानं कबूल करावं. संक्रांत गेली, उन्हाळा गेला, ती आली नाही. एसटी थांबली की बाबा टेकू घेऊन उठायचे, कोण उतरतंय ते पाहायचे आणि परत बसायचे. मी ते रोज पाहत होतो. त्याचं मला फार वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही वाटत नव्हतं. दुसरा ब्लॉक बसवून जीप चालू झाली होती, सोळा माणसं बसत होती, आणि घरी आलो की मी जेवून झोपत होतो.

पुन्हा पोळा आला. पुन्हा मी दोन फेऱ्या मारून तापलेली जीप अंगणात लावली आणि जेवलो. त्या दिवशी पोट बिघडलं होतं, म्हणून झोप लागली नाही. दारात उभा राहिलो तर बाबांनी बॉनेट उघडून काडीवर टेकवलं होतं आणि तलावाच्या पाण्यानं भरलेली बकेट दोन्ही हातांनी उचलली होती.

मी पळत जाऊन बकेट धरली.

"काऊन रे?" बाबा म्हणाले. "पाह ना, कशी तापली हाये बिचारी. मागच्या पोयाले बी अशीच तापली होती. दोन बकेट टाकले तं फुसफुस करून थंडी झाली. जवाई होते ना इथीच, त्यायनं बी पाहलं."

मी बकेट खाली ठेवली. मला आधी गॅरेज आठवलं नाही, आठवली ती जवायांची मान, दाराबाहेर वळलेली. त्यांनी काय पाहिलं होतं ते आता मला दिसत होतं. बाबांना मी तेव्हा 'पाण्यानं फुटलं' एवढं जरी सांगितलं असतं, तरी त्यांनी तिथल्या तिथं म्हटलं असतं की पाणी तर मी ओतलं. मी पाण्याचं नावच घेतलं नव्हतं. जवायाच्या हातून फुटलं म्हणालो होतो, कारण मला तेवढंच हवं होतं.

"इंजन जरा थंडं होऊ द्या, मंग बाहेरून धुवा," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. मग फडकं पिळता पिळता विचारलं, "पोरगी याही पोयाले नाई आली ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप काढली आणि एकही सवारी न घेता बहिणीच्या गावाला गेलो. जवाई ओसरीत जाळं दुरुस्त करत बसले होते. बहिणीनं पाण्याचा लोटा माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. मी तो उचलला नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "पानी बाबानं ओतलं होतं."

दोघांपैकी कोणालाच नवल वाटलं नाही. जवायांनी एक गाठ पक्की केली.

"मी पाहलं होतं, भाऊ. तुमी झोपले होते. वाफ निघाली तं मामाजी म्हने, पाहा जवाई, कशी थकली होती. त्या वक्ती मले बी काई समजलं नाई. मिस्त्री बोलला तवा समजलं."

"मंग तिथी सांगतलं काऊन नाई?"

"मामाजी बाहेर बसले होते ना," जवाई म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पुन्हा जाळ्यात बोटं घातली.

बहीण म्हणाली, "मी ह्यायले म्हटलं होतं, सांगून टाका एकदाचं. तं म्हने, बैल गेले म्हाताऱ्याचे, आता हे बी त्याच्या मनाले लावाचं का. आन् तू चार लोकात ह्यायले चोर म्हटलं. मी तं तुले मेल्यावरच भेटणार होती."

"मी चुकलो," मी म्हटलं. हा शब्द मला तोंडातून काढायला किती जड गेला ते सांगतो, जीप ओढत न्यायला सोपी होती. "आता चाला घरी. बाबा वाट पाहून राह्यले."

"तुमच्या घरी जीपले आवतन भेटते," बहीण म्हणाली. "आमाले कोनं देल्लं?"

मी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ती हसली नाही, पण कपडे भरायला उठली. आतून तिनं बजावलं, बाबांना यातलं काहीही कळता कामा नये. जवायांनी मान हलवली. मीही हलवली. मला ते सोयीचंच होतं.

रात्री तिथंच राहिलो आणि सकाळी तिघं निघालो. श्रावण संपला होता, म्हणून जवायांनी पहाटे धरलेले मासे सोबत घेतले. जीप अंगणात थांबली तेव्हा बाबा सवयीनं टेकू घेऊन उठले. लेक उतरताना दिसली आणि ते परत बसले. तिनं जवळ जाऊन त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

दुपारी बाबा, जवाई आणि मी जेवायला बसलो. बहीण वाढत होती. बाबांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"जवाई, एक बोलू का? राग नोका मानू."

"बोला ना मामाजी."

"मशीन फुटली तं फुटली. तुमच्या हातून झालं, कोनाच्या बी हातून होते. मी तुमाले एका शब्दानं काई म्हटलं का? त्याच्यापायी वर्षभर तोंड लपवाचं असते का? पोरीले बी पाठवलं नाई. माया जीव किती लागून राह्यला होता तिच्याकडे."

बहिणीच्या हातातला पळा भांड्यातच राहिला. मी ताटाकडे पाहत होतो. तोंड उघडायचं होतं ते माझं. जवायांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो मामाजी," ते म्हणाले. "माया हातून झालं. चुकलो."

गॅरेजात चार लोकांत जे मी मागत होतो, ते हेच होतं.

"झालं ना मंग," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग माझ्याकडे वळले. "आन् तू काऊन गप बसून राह्यला रे? पाव्हणा आपल्या तोंडानं चुकलो म्हनते. तू बी म्हन, माफ केलं."

जवाई मान खाली घालून माशाचे काटे काढत होते. बाबा वाट पाहत होते.

"माफ केलं," मी म्हटलं.

"बरं भाऊ," जवाई म्हणाले, आणि बहिणीनं माझ्या ताटात भात वाढला.