कागदावर अकरा पाईप

एका साइटवर चार महिने काढले की किस्से साचतात, गंजासारखे. एक पापुद्रा खरवडला की खाली दुसरा निघतो. ती साइट बंद होऊन चार वर्षं झाली, तरी रोह्याच्या एस.टी. कँटीनमध्ये आमच्यापैकी दोघंजण भेटले की चहा गार होईपर्यंत तेच चालतं. मी तिथं फारशी बोलत नाही, कारण निम्मे किस्से माझ्याच घाबरटपणाचे आहेत. लिहायला मात्र हरकत नाही. लिहिताना निदान समोर कोणी हसत नाही.

तर, माझ्या जन्माच्याही आधी कुठल्याशा कंपनीनं खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यावर, तेल शोधायला भोकं पाडली होती. तेल लागलं नाही. कंपनी गेली, वाळूत रोवलेले जाडजूड लोखंडी पाईप तिथंच राहिले. ते कापून किनारा मोकळा करायचं काम रोह्याच्या एका ठेकेदाराला मिळालं. त्याला सगळे शेठ म्हणायचे. मी बी.कॉम. होऊन पेणला घरी बसले होते. शेठनं टायपिंगला घेतलं आणि साइटचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात घातलं. पाईपचा नंबर, जाडी, कापल्याची वेळ, शेरा. सरकारी कागदावर पाईप होते अकरा.

* * *

पहिल्या दिवशी धाटावहून गॅसचे सिलिंडर आले. कटर चालवणारे कदम मिस्त्री मला म्हणाले, "बाई, लांब उभ्या राव्हा. पेटवताना फट्‌ करून आवाज होतो."

मी तीस पावलं लांब जाऊन उभी राहिले. कानांत बोटं घातली. तरी आवाज आलाच. रजिस्टर वाळूत टाकून मी पळाले ती थेट जीपच्या मागे जाऊन बसले.

थोड्या वेळानं मिस्त्री रजिस्टर झटकत आले. "बाई, अजून पेटवलं नाय. मला ठसका लागला."

त्यानंतर चार महिने ते खोकायच्या आधी मला सांगत. "बाई, खोकतोय हां."

* * *

साइटवर पिण्याचं पाणी भरायला किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या जनाकाकू होत्या. दोन पावसाळ्यांपूर्वी भर भरतीत त्यांच्या नवऱ्याची होडी पाण्याखालच्या एका पाईपवर आदळली. होडी फुटून किनाऱ्याला लागली. माणूस जिवंत आला नाही. मुलानं तीच होडी सांधून मशिन बसवलं, पण तेव्हापासून तो सरळ कधी यायचा नाही. लांबून वळसा घालून यायचा. तो येईपर्यंत काकू हंडा बाजूला ठेवून पाण्याकडे बघत उभ्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या रजिस्टरात डोकावलं. "किती लिवलंस गो?"

"अकरा."

"बारा हायत."

"काकू, कागदावर अकराच आहेत."

"कागद होडीत बसून येत नाय गो."

मी शेठना सांगितलं. शेठ भर दुपारी छत्री घेऊन आले, बोटानं एकेक पाईप मोजला. अकरा भरले. "तुला बारावा दिसतोय? जो दिसत नाही तो पाईप नाही," म्हणाले आणि गेले.

* * *

पाईपांवर नंबर घालायला हमरापूरचा बबन पेंटर आणला. घरी गणपती रंगवणारा माणूस. एक ते अकरा आकडे टाकायचे, अर्ध्या तासाचं काम. तो तिसऱ्या पाईपला जेवायला उठला. आकड्यांना सावली दिली होती, कडेनं सोनेरी रेघ. मिस्त्री म्हणाले, "अरे, हे उद्या कापायचंय."

"मंग काय झालं? आमचे गणपतीपन बुडवायचेच असतात."

रंग उरला म्हणून त्यानं चौथ्या पाईपला खालपासून वरपर्यंत शेंदरी हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर चौथ्या पाईपला हार, पायथ्याशी नारळ, हळदकुंकू. मिस्त्रींची माणसं कटर खाली ठेवून बसली. देवाला कोण कापणार? मिस्त्री स्वतःही चपला काढून उभे.

दुपार अशीच गेली. मग काकू आल्या. त्यांनी हंडा ठेवला, हार काढला, नारळ उचलून मिस्त्रींच्या हातात दिला.

"ह्यो देव असता तर ह्याच्या बाराव्या भावानं माझा मानूस मारला नसतान. काप."

त्या दिवशी नारळ कोणी फोडला नाही.

* * *

एकदा पाणी ओतता ओतता काकूंनी विचारलं, "मोजायला सायेब आलेले तो दिस कंचा?"

मी फाइल काढून सरकारी मोजणीची तारीख सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. "अष्टमी. भांगाचं पानी. भांगाला दुपारी ओहटी येते, पन अर्धीच. तो बारावा अवसेच्या पहाटं उघडा पडतो." कोपरापासून हात उभा धरून दाखवला. "एवढा. तवा सायेब लोक निजलेले असतात."

मे महिना संपत आला. अकरावा पाईप कापला गेला. आता शेवटची तपासणी, सही, आणि सामान परत. सही झाली की बारावा कायमचा राहणार, हे मला कळत होतं. मी धीर करून म्हटलं, "शेठ, तपासणी अमावास्येला सकाळी ठेवली तर?"

"अमावास्येला मी नव्या रुमालाची घडी मोडत नाही. तू सरकारी सही घ्यायला सांगतेस? पुढच्या बुधवारी, अकरा वाजता. टाइप कर."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पुढच्या बुधवारी अष्टमी.

तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर अमावास्येचा दिवस आणि सकाळी साडेसहा असं टाइप झालेलं होतं. शेठ पत्र वाचून सही कधीच करत नसत. मी स्वतः जाऊन ते टपालपेटीत टाकलं आणि पेणची बस पकडली.

* * *

आदल्या दिवशी सरकारी साहेबांचा फोन आला. उद्या साडेसहाला येतो. शेठना नाही म्हणता येईना. ते आले ते जीपला लिंबू-मिरची बांधून.

समुद्र एवढा मागे गेलेला मी कधी बघितला नव्हता. काळा चिखल लांबवर चमकत होता. काकू आधीच तिथं उभ्या होत्या, गुडघाभर चिखलात, एका हातानं कशाला तरी धरून. तोच बारावा, हातभर उंच. सगळ्या अंगानं कालवं चिकटलेली.

साहेब म्हणाले, "हा कुठला?"

शेठ माझ्याकडे वळले. "तारीख कोणी घातली?"

मी रजिस्टर उघडून त्यात तोंड खुपसलं. मिस्त्री म्हणाले, "शेठ, बाईंचा हात थरथरतो, तुमाला म्हाईत नाय? माझ्या खोकल्याला पळतात. एखादा आकडा चुकला आसंल."

"आत्ता कापा," साहेब म्हणाले, "मग सही."

मिस्त्रींनी भोवती खड्डा केला आणि चिखलाच्याही खालून कापला. शेवटी पाणी त्यांच्या पोटरीला लागत होतं. मी अकराच्या खाली बारा लिहिलं. शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला.

दुपारी बाराला भरती पुरती चढली. काकूंनी मुलाला निरोप धाडला होता, आज वळसा घालू नको, सरळ ये. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. लांबून मशिनचा आवाज आला, मग होडी दिसली. सरळ त्याच जागेवर येत होती. काकूंनी माझं मनगट धरलं. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला.

"बाय," काकू म्हणाल्या, "माझे डोले मिटलेत गो. गेली का पार?"

"काकू," मी म्हटलं, "माझेपण मिटलेत."