जंगल होतं तोवर

आमच्या शहराच्या वेशीवर, शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी परवा सकाळी एक मिनीबस उभी होती. टपावर तंबूंच्या निळ्या-केशरी गुंडाळ्या, खाली कॉलेजातल्या पोरापोरींचा घोळका, आणि त्या सगळ्यावर पसरलेला तो वास, उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा, थोडा कुबट, थोडा रबरासारखा. मी दूध घेऊन घरी निघाले होते, ती तिथेच थबकले. "आंटी, थोडं साइडला व्हा ना, सामान चढवू राहिलो," एक पोरगी म्हणाली. मी बाजूला झाले. कुठे चाललात, हे विचारायची गरजच नव्हती. खकनारच्या पुढे, तुकईथडचा रस्ता सोडून आत वळलं की ओढ्याकाठी तंबूंची जी जागा आहे, तिथेच हल्ली सगळे जातात. हिवाळ्यात तर सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आमच्या घरातलं मात्र आता तिकडे हौसेने कुणी जात नाही.

त्या जागेची चटक आम्हाला लावली माझ्या थोरल्या भावाने. आमचं घर कापडवाल्यांचं. आमच्यात झाड म्हणजे गिऱ्हाइकाने सायकल टेकवायची सोय, याहून जास्त महत्त्व त्याला कधी मिळालं नाही. अशा घरात दादा कसा निपजला, देव जाणे. जुन्या बाजारातून त्याने एक खाकी तंबू आणला होता. दिवाळी सरली की तो गच्चीवर वाळत पडायचा आणि घरभर हाच वास घुमायचा. आईची बोलणी ठरलेली असत, "घरी पलंग सोडून भुईवर निजाले जाता, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" एवढं बोलून तीच डब्यात ठेचा भरून द्यायची. तेव्हा तिथे रंगीत तंबू नव्हते की गाणी नव्हती. परवानगी काढायची, ओढ्याच्या अलीकडे आपला तंबू ठोकायचा, गोवऱ्यांच्या विस्तवात पानगे आणि वांगी भाजायची. ओढ्याच्या पलीकडे जंगल सुरू व्हायचं. सागाचं, धावड्याचं, सालईचं, टेकाडामागून टेकाड चढत गेलेलं. दादा तिथे वेगळाच माणूस होई. दुकानात गिऱ्हाइकाशी दोन शब्द न बोलणारा हा गृहस्थ तिथे आपल्या लहानग्या मुलाला खांद्यावर घेऊन प्रत्येक झाडापाशी थांबे, आणि वहिनी मागून हसत म्हणे, "सगळ्यांना नमस्कार झाला असेल तर जेवायला या." मला तिचं ते हसणं फार आवडायचं. इतकं निश्चिंत हसताना मी तिला पुढे कधी पाहिलं नाही.

तेरा वर्षांपूर्वी, अशाच एका हिवाळ्यातल्या सकाळी, तो तंबूतून बाहेर आला, मफलर गुंडाळला आणि म्हणाला, "पलीकडच्या टेकाडावर जाऊन येतो. चहा टाका." वहिनीने चहा टाकला. तो आला नाही. आधी आम्ही रागावलो, मग हाका मारल्या, मग दुपार झाली. पुढचे कितीतरी दिवस माणसं त्या जंगलात फिरत होती. वनरक्षक, पोलीस, आसपासच्या पाड्यांवरची माणसं, दुकानातले नोकर, सगळे. ओढ्यात बुडाला म्हणावं तर पाणी गुडघाभर. जनावराने नेला म्हणावं तर रक्ताचा डाग नाही, कपड्याची चिंधी नाही. चष्मा नाही, घड्याळ नाही, मफलर नाही. माणूस मेला की निदान तो मेला हे तरी कळतं. आमच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कुणी म्हणे, ओंकारेश्वरला साधूंच्या पंगतीत दिसला. कुणी म्हणे, खंडव्याच्या स्टेशनवर पाहिला, दाढी वाढली होती. प्रत्येक वेळी वहिनी गेली. आधी दीर-नणंदांना घेऊन, मग मुलाला घेऊन, शेवटी शेवटी एकटीच. परत आली की चप्पल काढून सरळ स्वयंपाकाला लागायची. कपाळाला कुंकू रोज ठसठशीत. दार वाजलं की हातातलं काम टाकून ती उठणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून दुसरं कुणी उठायचंच नाही. आशा वेडी असते म्हणतात. मला तर ती चांगली दुष्ट वाटते, जीवही घेत नाही आणि सोडतही नाही.

आणि मग बारा वर्षं भरली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आईने ते मनात धरलं. तिने ऐंशी ओलांडली होती. "माह्या डोळ्यादेखत होऊन जाऊ दे. त्याले गती नाही भेटत, तो तिथेच फिरू राहिला असंन भुकेला," असं ती दिवसातून चारदा म्हणायची. वहिनी एकच उत्तर द्यायची, "ज्यांना मी मेलेलं पाहिलं नाही, त्यांना जाळू कशी?" दोघी एका ताटात जेवल्यासारख्या राहिलेल्या सासू-सुना. त्यांच्यात बोलणं तुटलं. मी मधल्यामधे. आईचं पटायचं आणि वहिनीचंही पटायचं, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी वहिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला एकदा तिकडे जायचंय. तुम्ही चला." भाच्याने गाडी काढली. खांद्यावरचं ते पोर आता मिशी राखून होतं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "आत्या, तिकडे आता काही नाही पाहायला. सब साफ झालंय." आम्हाला वाटलं, पोर उगाच बोलतंय. पोहोचलो, तर अलीकडच्या काठावर तंबूंच्या रांगा, फोटो काढायला लाकडी चौकट, कुठेतरी गाणी. आणि पलीकडे जंगल नव्हतं. जिथे दुपारीही उजेड अडखळायचा, तिथे थेट मागच्या डोंगरापर्यंत उघडी जमीन होती. बुंधे, बुंध्यांमधून तूर, तुरीमधून कापूस. तोडलं कुणी, यावर माणसांचे दोन तट आहेत आणि दोघांकडे आपापली कारणं आहेत. मला त्या क्षणी कारणं नको होती. दादा ज्या टेकाडावर गेला होता, ते माझ्या समोर होतं. इतकं जवळ की तिथून मारलेली हाक इथे ऐकू आली असती. त्याच्या अंगावर एक झाड नव्हतं.

वहिनी ओढा ओलांडून शेतात शिरली. कापूस वेचणारी एक बाई होती, तिच्यापाशी जाऊन थांबली. "बाई, ये जमीन साफ करते वक्त कुछ मिला था क्या? चष्मा, घड़ी?" बाईने ओच्यातला कापूस सावरला. "पत्थर मिले बाई, और क्या. तुम्हारा कुछ गिर गया था?" वहिनी म्हणाली, "हां. बहुत दिन हुए." ती बाई भली होती. "कैसा दिखता है बताओ, मिला तो रख दूंगी," म्हणाली. वहिनीने मान हलवली आणि बांधाकडे चालू लागली. मी मागे गेले. ती त्या उघड्या टेकाडाकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "जंगल होतं तोवर मला वाटायचं, आत कुठेतरी असतील. एवढं मोठं जंगल. आता सांगा, असायला जागा कुठे आहे?" बांधावर एक पळस तोडायचा राहिला होता. ती त्याची पानं खुडू लागली, देठासकट. भाचा पोतं घेऊन आला. पोतं भरलं तरी ती थांबेना. शेवटी मीच तिचा हात धरला.

आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. पुतळ्याला अग्नी द्यायच्या दिवशी आई आणि वहिनी दोघीही आल्या, त्यांच्यासोबत मीही, आणि कुणाची आम्हाला अडवायची छाती झाली नाही. तापीच्या काठी गुरुजींनी दर्भ अंथरला, हाडांच्या जागी पळसाचे देठ लावले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. हातभर लांबीचा पुतळा झाला. वहिनी वाकून पाहत होती. "गुरुजी, ते उंच होते," ती म्हणाली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि पोत्यात हात घातला. पुतळा वाढत गेला, पुरुषभर झाला. तिने पांढरं वस्त्र स्वतःच्या हाताने पांघरलं, कडा नीट दुमडल्या. मला रडू आवरेना. ती रडली नाही.

भाच्याने अग्नी दिला. वाळलेली पानं ती, भराभर पेटली. आणि या दिवसासाठी जिने आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं, ती माझी आई पायरीवरून उठली, काठी न घेता दोन पावलं पुढे गेली. "विझवा रे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "त्याले चटका बसू राहिला." वहिनीने तिला मागून धरलं. "आई, ते नाहीत तिथे. नुसती पानं आहेत." आईने वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं, जणू ही गोष्ट तिला आजच कुणी सांगत होतं. "मंग तो कुठे हाय?"

बारा वर्षं हा प्रश्न वहिनीचा होता. पानं जळायला वेळ लागला नाही. राख तापीत सोडली, अंघोळी केल्या, घरी आलो. गती कुणाला मिळाली, मला ठाऊक नाही. एक मात्र पाहते आहे, की जंगलं जातात, माणसं जातात, माणसांचे पुतळेसुद्धा जळून जातात, पण वाट पाहणं घरातल्या घरात जागा बदलून राहतं. आता दार वाजलं की वहिनी उठत नाही. आई उठते.