आईची शेवटची दाढ

आमची ही दातांची डॉक्टर, आणि मी तिच्या दवाखान्यात बाहेर बसून नंबर पुकारतो. घरीही साधारण हेच. बोलते ती, ऐकतो मी.

दाढ ठणकली की लोक ती उपटायला येतात. ही उपटू देत नाही. मुळांतल्या नळ्या साफ करून भरायची तिला शिकवलेली जुनी रीत म्हणजे बारीक बारीक काड्या एकीशेजारी एक ठासत बसणं. माणूस खुर्चीत पार आंबून जातो. हिने सोपी रीत धरली. नळी नीट घासायची, तिच्याच मापाची रबरासारखी एकच काडी घ्यायची आणि पातळ सिमेंट लावून बसवायची. बरोबरीचे डॉक्टर नाक मुरडतात, शॉर्टकट म्हणतात. मग ही तडकते. "भरायला वेळ कमी लावते मी, घासायला नाही!"

पण पिकतं तिथे विकत नाही. माझ्या आईची डावी दाढ सुजली, तेव्हा सुनेला सोडून ती गावभर दाखवून आली. सगळ्यांनी काढायलाच सांगितलं. चावायला तेवढीच एक उरली होती. ती गेली की जन्मभर मऊ कालवलेलं गिळायचं, या धास्तीने आई शेवटी हिच्या खुर्चीत बसली. तिचा जबडा फार वेळ उघडा राहत नाही, लगेच कळ येते. म्हणून अट घातली, "एकदाच बसेन. पुन्हा बोलावलंस तर उपटूनच घेईन."

दोन नळ्यांत काडी चपखल बसली. तिसरीत सैल हलायला लागली. ती नळी गोल नव्हतीच, चपटी होती. एका काडीने भागणार नव्हतं, आणि आईचा जबडा तर थरथरत होता. आई हातानेच "आटप, आटप" करत होती. तशीच भरून टाकली असती तर त्या दिवशी कुणाला पत्ता लागला नसता. दाढ मात्र पुन्हा सुजली असती.

हिने हत्यारं खाली ठेवली. "आई, माझी सोपी रीत या एका नळीला पुरत नाही. तात्पुरतं बंद करते. तुम्हाला परत यावं लागेल."

"मग मी काय बजावलं होतं?" म्हणत आई तडक निघून गेली. घरात अबोला. माझं इकडे आड, तिकडे विहीर.

पुढच्या आठवड्यात दवाखाना उघडायला गेलो, तर आई पायरीवर बसलेली.

"उपटायला आलीस?" मी घाबरतच विचारलं.

"गप रे. बाकीच्यांनी नीट न बघताच काढा म्हणून सांगितलं. हिचं अडलं, तर अडलं म्हणाली. तेही सासूच्या तोंडावर! माझा नंबर लाव. पहिला."

चपटी नळी हिने जुन्याच रीतीने भरली, मध्ये मध्ये आईला तोंड मिटायला देत. दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बसली.

मग एके दिवशी जेवताना आईने भाजलेल्या शेंगदाण्यांची चिमूट डावीकडे टाकली. कुडुम! आमचे दोघांचे घास हातातच राहिले. आई डोळे मिटून सावकाश चावत होती.

तिने डोळे उघडले आणि सुनेवर खेकसली, "बघत काय बसलीस? अजून आण की!"

हिने डबाच आणून पुढ्यात ठेवला.